दूतावासाचं अनुदान की कंपनीचा सीएसआर?

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर काम करणाऱ्या ठाण्यातल्या संस्थांपुढे हा पेच असतोच: दूतावासाचं अनुदान मागायचं की सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च. जपानी दूतावासाची ‘ग्रासरूट्स’ योजना एकेका प्रकल्पाला अनुदान देते. त्यातून वर्गखोल्या, रुग्णवाहिका, उपकरणं होतात. पगार आणि रोजचा खर्च मात्र नाही. शिवाय एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी, दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं, दरपत्रकंही जोडायची. लहान संस्था इथेच दमते, आणि ते फार जिव्हारी लागतं.

नवी मुंबईत महापे-रबाळ्याच्या कंपन्या त्यामानाने हाताशी. २०१३ च्या कंपनी कायद्याने पात्र कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात, स्थानिक भागाला प्राधान्य देऊन. शिक्षिकेचं मानधनही त्यात बसू शकतं.

खोली बांधायची असेल तर दूतावास. शिकवणारी बाई टिकवायची असेल तर सीएसआरच, आणि करार तीन वर्षांचा मागा.