हेडलाइटची वाफ: 5,349 रुपये गेले, तेही केमिस्ट्रीच्या मास्तराचे

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचं असेल त्यांनी आताच हसून घ्यावं. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. आणि मला ज्याने गंडवलं ती शंभर टक्के केमिस्ट्रीच होती. माझ्याच पोर्चमध्ये, माझ्याच प्लगवर, माझ्याच नाकासमोर.

5,349 रुपये त्यांनी नेले. त्यांनी केलेली घाण निस्तरायला हेडलाइटची नवी जोडी 4,800 आणि फिटिंगचे 400. एकूण 10,549. बायको यात मार्चमधले 380 पण धरते, ते मी धरत नाही. त्याचं पुढे सांगतो.

गाडी 2013 ची वॅगनआर. घर नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात, फाटक पश्चिमेला, गाडीचं तोंड फाटकाकडे. दुपारी दोनपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट हेडलाइटवर. डावीकडे शेजाऱ्यांच्या कडुलिंबाची सावली येते, म्हणून डावा जरा बरा होता. उजवा पार जर्द्याच्या दातासारखा. हे डाव्या-उजव्याचं लक्षात ठेवा.

यात गाडीच्या कंपनीचा काही दोष नाही. आपण जिला काच म्हणतो ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं. त्यावर कारखान्यातून एक पातळ, कडक थर येतो, तो यूव्ही किरणं अडवतो. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत बारा उन्हाळे काढले की तो थर झिजतो, पोपडे धरतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं, खरखरीत होतं. त्यावर उपाय एकच: मेलेला थर घासून काढायचा, पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, आणि वर नवा यूव्ही थर चढवायचा. हे मला माहीत होतं. पॉलिमरचा धडा दरवर्षी मीच घेतो.

मार्चमध्ये मी 1000, 2000 आणि 3000 नंबरचा घासायचा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंडची डबी आणलीही होती. हेच ते 380. पण नंतर बोर्डाचे पेपर तपासायला आले, मग मणक्याने डोकं वर काढलं. डॉक्टरांनी उकिडवं बसू नका म्हणून सांगितलेलं. गाडीच्या तोंडापुढे दीड तास उकिडवं बसल्याशिवाय हे काम होत नाही. मी आळशी नाही.

मग मोबाइलवर जाहिरात दिसली. "घरी येऊन हेडलाइट नव्यासारखे. फक्त 599. 2 वर्षांची वॉरंटी." 199 रुपये बुकिंगचे, बिलात वळते होतील म्हणाले. भरले.

मे महिन्याचा दुसरा रविवार. सकाळी अकराला दोन पोरं आली. विशी-बाविशीची, एकसारखे टी-शर्ट, फार अदबीची. "सर, आप अंदर बैठो, हम कर लेंगे." मी आत बसलो नाही, खुर्ची टाकून तिथेच बसलो. म्हणजे सगळं डोळ्यांदेखत झालं, हे जास्त लागतं.

मोठ्या पोराने दोन्ही हेडलाइटवरून बोट फिरवलं, आणि डेमो द्यायला डाव्यासमोर बसला. सावलीतल्या. मी मनात म्हटलं, बरं झालं, सावलीत काम करून राहिला.

दुसऱ्या पोराने पेपरचा एक तुकडा घेऊन कोरडाच अर्धा मिनिट घासला, मग ओल्या फडक्याने पुसला. फडकं जवळजवळ तसंच राहिलं. खरा थर निघतो तेव्हा पाणी पिवळट, दुधाळ होऊन बंपरवरून ओघळतं. कडेच्या पेंटला टेप लावावी लागते, नाहीतर पेपर पेंटलाही खातो. यांनी टेप आणलीच नव्हती. मी विचारलं, "टेप नाही लावत का?" तर म्हणाला, "सर, हमारा नॅनो प्रोसेस है."

नंतर त्याने पिशवीतून एक भांडं काढलं. चहाच्या किटलीएवढं, खाली वायर, वर वाकडी तोटी. त्यात एका पांढऱ्या बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी टाकलं. बाटलीवर लेबल नाही. पोर्चच्या बोर्डात पिन खोचली, दोन मिनिटांत तोटीतून वाफ निघायला लागली आणि ती त्याने हेडलाइटवर वरून खाली फिरवली. आणि बाप्पा, काय सांगू! जिथून वाफ फिरली तिथून धुरकटपणा असा पळाला जसा ओल्या बोटाने पाटीवरचा खडू. बायको बाहेर येऊन बघून गेली. मी स्वतः "वा" म्हणालो. मोठ्याने.

तेव्हा आतून आईचा आवाज आला. तिच्या खोलीची खिडकी पोर्चमध्ये उघडते. "काहून रे बाबू, हा गोड गोड वास कायचा येऊन राहिला?"

गोड वास. ब्याऐंशी वर्षांच्या, चौथी शिकलेल्या बाईच्या नाकाला जे कळलं ते सव्वीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या नाकाला कळलं नाही. कळलं नाही असंही नाही. वास मला ओळखीचा वाटला होता. मी आईला म्हणालो, "पॉलिशचा आहे, खिडकी लाव." आणि प्लास्टिकवर पाण्याची वाफ सोडली की थेंब जमतात, ओघळतात. इथे एक थेंब नव्हता. मी त्या कोरड्या, चकचकीत हेडलाइटकडे बघत होतो आणि "थेंब का नाहीत" हा प्रश्न डोक्यात येऊन गेलासुद्धा. विचारला नाही. पोरगं सर-सर करत होतं. वर्गात कोणी मला इतक्यांदा सर म्हणत नाही.

त्या पांढऱ्या बाटलीत होतं क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन, दोन्हींपैकी एक. दोन्हींना गोडसर वास, दोन्हींत पॉलिकार्बोनेट विरघळतं. त्या वाफेने पिवळेपणा जात नाही, वरचं प्लास्टिक किंचित वितळतं, ओरखडे बुजतात आणि पृष्ठभाग काचेसारखा दिसतो. थर चढत काहीच नाही. उलट प्लास्टिकच्या अंगात द्रावक मुरतं, आणि ऊन-पाऊस लागला की बारीक तडे जातात. शिवाय असली वाफ तापलेल्या कॉइलवर किंवा ज्योतीवर गेली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. तो काय असतो ते वर्गात सांगताना मी पहिल्या महायुद्धाचं उदाहरण देतो. आईच्या खिडकीखाली हे चाललं होतं आणि मी खुर्चीवर बसून ताक पीत होतो.

आता बिल ऐका. 599 दोन्हींचे नाही, एका बाजूचे, आणि ते "फक्त क्लीनिंग"चे. 1,198. कोटिंगशिवाय वॉरंटी नाही, कोटिंग 1,250 एका बाजूला. 2,500. डावा चमकून राहिला, उजवा तसाच, असल्या गाडीला अर्ध्यात कोण सोडणार? तिथेच तर अडकवतात. मग 18 टक्के जीएसटी, 666. झाले 4,364. "सर के लिए 64 छोड़ दिया." 4,300. वर 850 ची एक "होम केअर" बाटली, दर पंधरा दिवसांनी पुसायला. 199 वळते व्हायचे होते ते कुठे वळले ते आजतागायत कळलं नाही. जीएसटी घेतला पण बिल दिलं नाही, "मेल पे आएगा." एक गुळगुळीत वॉरंटी कार्ड दिलं, त्यावर पत्ता नाही, एक मोबाइल नंबर. कोटिंग म्हणजे काय, तर एका स्पंजने काहीतरी फिरवलं, चाळीस सेकंद. ऊन लागू नये म्हणून गाडी आत घ्या, इतके तास पाणी लावू नका, असं काही नाही. जाताना लहान पोराने गाडीचा फोटो काढला. मीच म्हटलं, तुळशीवृंदावन पण येऊ द्या.

चमक टिकली महिनाभर. बाटलीने पुसलं की चमकायचं, दोन दिवसांत पुन्हा धुरकट. तिचा वास रॉकेल आणि डॅशबोर्ड पॉलिशच्या मधला. ओरखड्यात तेल बसलं की प्रकाश विखुरत नाही, म्हणून स्वच्छ दिसतं. तेल उडालं की जैसे थे. खोबरेल तेलाने पण हेच होतं, 850 द्यायची गरज नाही. टूथपेस्टचंही सांगून ठेवतो, त्यातली पूड थोडं घासते, दोन-चार आठवडे बरं वाटतं, थर काही मिळत नाही.

जूनच्या शेवटी वर्ध्याहून साखरपुडा आटोपून येत होतो. रात्रीचे साडेनऊ, बुटीबोरी सोडली आणि पाऊस. हेडलाइट चालू होते, उजेड मात्र पुढे जाईना, काचेतच दुधासारखा पसरून राहिला. खापरीच्या अलीकडे एक सायकलवाला आठ-दहा हातांवर आल्यावर दिसला. मी ब्रेक मारला, बायको ओरडली. काही झालं नाही. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

सकाळी भिंग घेऊन बघितलं. डाव्या हेडलाइटवर, जो बरा होता त्याच्यावर, वरच्या कोपऱ्यापासून केसासारखे तडे, एकमेकांत गुंतलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. नखाला लागत नव्हते, म्हणजे आत होते. नंतर तो काढून घरी 1000 च्या पेपरने वीस मिनिटं घासून बघितला, तडे तसेच. असे तडे गेल्यावर कोणी "काढून देतो" म्हणालं तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. तसंच आतून पाणी साचलं असेल किंवा आतली बाजू धुरकट असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही.

वॉरंटी कार्डावरचा नंबर बंद.

ठाण्यात गेलो. हवालदाराने आदराने बसवलं. "किती गेले सर?"
"पाच हजार तीनशे एकोणपन्नास."
त्याने पेन खाली ठेवला. मी म्हणालो, चारशेवीसचा गुन्हा नोंदवा. तर म्हणे, "सर, चारशेवीस बंद झालं. 1 जुलै 2024 पासून 318."
"मग 318 लावा."
"नाही लागत. काम तर केलं ना त्यानं? तुमच्यासमोर केलं. हे सिव्हिल आहे. आणि जाहिरात फोनवर पाहिली, पैसे फोनवरून दिले, तर सायबरला जा."

सायबरवाल्यांच्या टेबलावर गेलो. "पिन कोणी टाकला? तुम्हीच ना? माणूस घरी आला होता ना? मग हे सायबर कसं? ठाण्यात जा." परत ठाण्यात. आता दुसरा हवालदार, पुन्हा पहिल्यापासून. त्याला किटलीचं सांगितलं, क्लोरोफॉर्मचं सांगितलं. "बेशुद्ध केलं का तुम्हाला?" नाही म्हटलं. "मग?" बँकेत गेलो, तिथली मुलगी स्क्रीनकडे बघून गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल आहे." ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका कार्यालयात गेलो, तर विरुद्ध पक्षाचं नाव-पत्ता लिहा. पत्ता असता तर मी तुमच्याकडे आलो असतो का? यूपीआयवर एका बाईचं नाव दिसतं. ज्यांचं काम पत्ता शोधणं आहे ते म्हणतात पत्ता आणा. दोन सीएल आणि एक हाफ डे गेला. यात एका माणसानेही कागदावर काही लिहून घेतलं नाही, एकाने मात्र स्वतःच्या गाडीचे हेडलाइट घरी कसे साफ करायचे ते विचारून घेतलं. मी सांगितलं. सवय.

मधल्या काळात माझ्याच एका विद्यार्थ्याने स्क्रीनशॉट पाठवला. "सर, ही तुमची गाडी ना?" त्याच जाहिरातीत माझी वॅगनआर, मागे तुळशीवृंदावन, दोरीवर आईचं हिरवं लुगडं. तो पुरावा घेऊन तिसऱ्यांदा ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "फोटो मस्त आला आहे सर."

तुम्ही माझ्यासारखं थांबू नका. ऑनलाइन पैसे गेल्याचं त्याच दिवशी लक्षात आलं तर 1930 वर लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे निघून जातात. मी सात आठवड्यांनी जागा झालो. पक्कं बिल असेल तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. पण सगळं बिलावर. बिल नाही तर पैसे नाही, मग तो कितीही सर म्हणो. बुकिंगचे पैसे आधी देऊच नका. डेमो मागायचा तर जास्त खराब बाजूवर मागा. आणि किटली दिसली की प्लग काढा.

नवी जोडी बसवल्यावर तो 380 चा माल मी मेहुण्याच्या गाडीवर वापरला, खाली पाट घेऊन. कडेला टेप, पेपर पाण्यात भिजवून आधी 1000 आडवा, मग 2000 उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं, शेवटी 3000. मध्येच हेडलाइट पूर्ण पांढरा होतो, तेव्हा मेहुणा घाबरला होता. कंपाउंडने चमक आली, स्पिरिटने पुसून सावलीत तोंडाला मास्क लावून यूव्ही क्लिअर कोटचा स्प्रे मारला. तो 650 चा, त्याच्याकडून घेतले. पावणेदोन तास लागले. मणक्याला काही झालं नाही, हे बायकोने दोनदा बोलून दाखवलं.

मागच्या आठवड्यात नव्या नंबरवरून फोन आला. "सर, आपकी वॉरंटी में फ्री सर्व्हिस ड्यू है. सिर्फ विजिटिंग चार्ज 299, अभी भेज दो." मी आवाज शांत ठेवला, म्हटलं, या, आल्यावर देतो. रविवारी अकराला येतो म्हणाला. रविवारी मी फाटकापाशी खुर्ची टाकली, शेजारच्या दोघांना बोलावून ठेवलं, मोबाइल चार्ज केला. दोन वाजेपर्यंत बसलो. 299 आधी भरले नव्हते, त्यामुळे कोणी आलं नाही.