नाव १०५० टीआयचे, चिप २०१० सालची

माझा भाचा इंदूरमध्ये लग्नसमारंभांचे आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ एडिट करून देतो. त्याच्या इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरच्या संगणकावर मोठा व्हिडिओ एक्स्पोर्टला, म्हणजे अंतिम फाइल बनवायला, लावला की रात्र त्यातच जात असे, आणि लग्नसराईत हे परवडण्यासारखे नव्हते. नवा संगणक घ्यायचा तर पन्नास-साठ हजारांना खड्डा पडणार. त्याऐवजी साडेपाच हजारांत मिळणारे वापरलेले ग्राफिक्स कार्ड बसवून भागते का, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

त्याने निवडलेले कार्ड होते एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या या कार्डात ४ जीबी मेमरी असते आणि व्हिडिओ एन्कोड करण्यासाठी, म्हणजे दाबून फाइलमध्ये बसवण्यासाठी, चिपमध्येच वेगळा विभाग असतो, त्यामुळे एक्स्पोर्टचा भार प्रोसेसरवर पडत नाही. शिवाय कार्डाचा वीजवापर ७५ वॅट, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळते तेवढाच असल्यामुळे जुना एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलण्याचा खर्चही टळतो. याविरुद्ध एकच मुद्दा होता, तो असा की या मालिकेच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नव्या सुधारणा येणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले असून पुढे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. परंतु जुन्या खेळांना आणि एडिटिंगला त्याने लगेच काही अडत नाही. थोडक्यात, कार्ड खरे असते तर हा व्यवहार फायद्याचाच होता.

जेल रोड परिसरात वरच्या मजल्यावर असलेल्या एका छोट्या दुकानातून त्याने ते कार्ड घेतले. (त्याच भागात चोख व्यवहार करणारे दुकानदार पुष्कळ आहेत, हेही नमूद केले पाहिजे.) कार्ड पुठ्ठ्याच्या साध्या खोक्यात होते, पंख्यावर नवे चकचकीत स्टिकर होते आणि सोबत एक सीडी होती. दुकानदाराने दुकानातल्या संगणकावर कार्ड लावून दाखवले. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर आले, मेमरीही ४ जीबी दिसली. पैसे यूपीआयने दिल्यावर पक्के बिल न देता त्याने 'टेस्टिंग वॉरंटी' असे लिहिलेली कच्ची चिठ्ठी दिली आणि निघताना बजावले, "भैया, ड्राइवर इसी सीडी से डालना, नेट वाला मत डालना, कार्ड अटक जाएगा." सगळी मेख त्या सीडीत होती.

घरी आल्यावर कार्ड चालू झाले, परंतु एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टच्या खिडकीत हार्डवेअर एन्कोडिंगचा पर्याय उमटेना. "मामा, सगळं बरोबर दिसतंय, पण मुख्य गोष्टच येत नाहीये," म्हणून त्याने मला बोलावले. टाइमलाइनवर फोर-केचे तुकडे टाकले की पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन पसरत आणि संगणक गोठून जाई. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ताजा ड्रायव्हर उतरवून बसवला, तर विंडोजने कार्ड बंद करून टाकले. एवढ्यावरूनही विकत घेणाऱ्याला वाटते की आपलाच संगणक जुना आहे, रॅम कमी आहे किंवा एसएमपीएस कमजोर आहे. आणि अशा मालाचे विक्रेते नेमके हेच कारण पुढे करतात.

मी कार्ड बाहेर काढून पाहिले, तेव्हा पहिली शंका मागच्या पट्टीवरच्या निळ्या व्हीजीए पोर्टवरून (जुन्या, अॅनालॉग पद्धतीने मॉनिटर जोडण्याच्या जागेवरून) आली. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतील आहे, त्या पिढीच्या चिपमध्ये अॅनालॉग सिग्नल बाहेर देण्याची सोयच ठेवलेली नाही. म्हणून नामवंत कंपन्यांच्या १०५० टीआयवर डिस्प्ले-पोर्ट, एचडीएमआय आणि डीव्हीआय दिसतात, व्हीजीए सहसा दिसत नाही. शिवाय वीजजोडणीसाठी सहा पिनांचे सॉकेट होते. काही अस्सल कार्डांनाही ते असते, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. तरी शंका बळावते. त्यानंतर जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवले, तेव्हा नावाच्या आधी चौकटी कंसात 'फेक' असा शब्द आला आणि एनव्हिडियाच्या चिन्हाच्या जागी उद्गारचिन्ह दिसले. २०१८ पासून या सॉफ्टवेअरमध्ये बनावट कार्डे ओळखण्याची सोय आहे. खाली चिपचे खरे नाव होते जीएफ१०६, म्हणजे सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या जीटीएस ४५०ची फर्मी पिढीतील चिप.

ही लबाडी कशी केली जाते, ते समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक कार्डावर बायोसची एक छोटी मेमरी-चिप असते आणि कार्डाचे नाव, मेमरीचा आकार वगैरे माहिती संगणक तिथूनच घेतो. तिथला मजकूर बदलला की विंडोज तेच नाव इमानेइतबारे दाखवते. बदलत नाही ती आतली चिप. अस्सल १०५० टीआयमध्ये ७६८ क्युडा कोअर (चिपमधले छोटे गणनाविभाग) असतात, जीटीएस ४५०मध्ये १९२. मेमरी पडद्यावर ४ जीबी दिसली तरी कार्डावर प्रत्यक्षात साधारण १ जीबीच असते आणि वापर त्यापुढे गेला की तेच हिरवे-जांभळे चौकोन दिसतात. व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा विभाग एनव्हिडियाने २०१२च्या केप्लर पिढीपासून दिला, त्यामुळे फर्मीत तो पर्याय दिसणे शक्यच नव्हते. आणि फर्मीसाठी खेळांच्या ड्रायव्हरचे काम २०१८ मध्येच थांबल्यामुळे ३९१.३५च्या पुढचा ड्रायव्हर या चिपला चालत नाही. सीडीचा आग्रह होता तो यासाठीच.

दुकानदार आधी "सॉफ्टवेअर गलत बता रहा है" असे म्हणत राहिला. शेजारच्या गिऱ्हाइकासमोर जीपीयू-झेड पुन्हा चालवून दाखवले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक काढला, तेव्हा 'टेस्टिंग'चे पाचशे रुपये कापून त्याने पाच हजार परत केले. मात्र ते कार्ड आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा त्याच खोक्यात घालून फळीवर ठेवले, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले.

वापरलेले कार्ड घेण्याचा विचार असेल तर जीपीयू-झेड पेन ड्राइव्हवर सोबत न्यावे आणि पैसे देण्याआधी दुकानातच चालवून चिपचे नाव, कोअरची संख्या आणि मेमरीचा आकार त्या मॉडेलच्या अधिकृत आकड्यांशी ताडून पाहावा. विक्रेता पेन ड्राइव्ह लावू देत नसेल तर तिथेच व्यवहार सोडावा. बनावट नसलेल्या कार्डांतही नावाची गफलत असते: एएमडी कंपनीच्या आरएक्स ५८० या नावाखाली '२०४८ एसपी' हा वेगळा प्रकार मिळतो, ज्यात मूळ ५८०च्या २३०४ऐवजी २०४८ प्रोसेसर असतात, आणि तो वस्तुतः ५७०च आहे. आरटीएक्स ३०५०चे ८ जीबी आणि ६ जीबी हे प्रकारही केवळ मेमरीने वेगळे नाहीत. पहिल्यात २५६० कोअर आहेत, दुसऱ्यात २३०४. दोन्ही ठिकाणी किंमत मात्र मोठ्या भावंडाच्या नावावर सांगितली जाते.

भाच्याचे काम शेवटी कार्डाविनाच भागले. त्याच्या आय-५ मधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये इंटेलचे क्विक सिंक हे एन्कोडर आधीपासून होते. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ते निवडल्यावर एचडी व्हिडिओचा एक्स्पोर्ट कितीतरी लवकर होऊ लागला. कार्ड घ्यावे की नाही, हे ठरवताना ज्यांचे काम प्रामुख्याने एडिटिंगचे आहे त्यांनी आधी हे तपासावे. खेळांसाठी अर्थात याचा उपयोग नाही.

असे कार्ड ज्यांच्या गळ्यात पडले आहे, त्यांनी खोके, कच्ची चिठ्ठी, सीडी, यूपीआयची नोंद आणि जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट यांतले काहीही टाकून देऊ नये. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वयंरोजगारासाठी, पोटापाण्यासाठी वस्तू घेणाराही ग्राहकच ठरतो; तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. पैसे ऑनलाइन गेले असून समोरचा माणूस गायब झाला असेल, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, आणि तोही शक्य तितक्या लवकर, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.