बाह्यग्रहांची हवा: जेम्स वेबचा वर्णपट की जमिनीवरचा बारीक वर्णपट?

बाह्यग्रह म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह. त्यांच्या हवेत काय आहे हे वर्णपटावरून, म्हणजे रंगारंगांत फोडलेल्या प्रकाशावरून कळतं. तो वर्णपट जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा घ्यावा, की जमिनीवरच्या दुर्बिणीचा, जास्त बारकाईने फोडलेला? एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी दोन्ही करून पाहिलं, तेही दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी घरी बसून. दोन्हींच्या नोंदी फुकट मिळतात.

वेबचं बलस्थान उघड आहे. २०२२ मध्ये वास्प-३९बी या बाह्यग्रहावर कार्बन डायऑक्साइड सापडला, त्याचा ४.३ मायक्रॉन तरंगलांबीजवळचा उंचवटा आलेखात नुसत्या डोळ्यांना दिसतो. आपली हवा मध्ये येत नाही. पण रेणूचं प्रमाण काढायचं तर लाखो मॉडेलं जुळवावी लागतात, कारण ढग, तापमान आणि पाण्याची वाफ एकमेकांची सोंगं घेतात. माझ्या लॅपटॉपवर तो हिशेब चार-पाच दिवस चालायचा आणि आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही. तिसऱ्या रात्री लाईन गेली, ती पहाटे आली. बॅटरी दीड तासाची. मधला हिशेब साठवता येतो, पण फाईल लिहिली जात असतानाच वीज गेली तर तीही बिघडते. माझी दोनदा बिघडली. तिथेच माझं मन उठलं.

जमिनीवरच्या बारीक वर्णपटात रेणूची एकेक रेषा सुटी दिसते. रात्री विहिरीवरच्या मोटरीची घरघर एकसुरी असते, रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या हॉर्नचा सूर मात्र बदलतो, तसंच इथे. आपल्या हवेच्या रेषा जागच्या जागी राहतात, ग्रहाच्या सरकतात. केल्ट-९बी हा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो, त्या चार तासांच्या अधिक्रमणात त्याचा आपल्या दिशेचा वेग सेकंदाला दीडशे किलोमीटरने बदलतो. म्हणून अपेक्षित रेषांचा साचा सरकवून जुळवला की २०१८ मध्ये जाहीर झालेलं तिथलं लोह घरच्या लॅपटॉपवरही ठळक उमटतं. मला वीस मिनिटं लागली. याच रीतीने २०१० मध्ये एचडी २०९४५८बी या ग्रहावर कार्बन मोनॉक्साइड सापडला, शिवाय वाऱ्याचा वेगही कळला, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर.

त्रास इथेही आहे. पृथ्वीच्या हवेतल्या वाफेच्या रेषा काढताना हात जड झाला तर ग्रहाच्या रेषाही जातात, निंदताना तणासोबत पऱ्हाटीचं रोपटं उपटलं जावं तशा. साच्यातली रेषांची यादी चुकली तर असलेला रेणूही दिसत नाही. तारा मंद असेल, किंवा नेमकं प्रमाणच हवं असेल, तर बहुधा वेबच बरा.

हाताशी मोठा संगणक असेल तर तुमचं मत वेगळं पडू शकेल. गावाकडून काम करणार असाल तर मी केल्ट-९बीच्या लोहापासूनच सुरुवात करायला सांगेन. पाण्याच्या रेषांना लगेच हात घालू नका, त्या आपल्याच हवेत दडलेल्या असतात.