दिल्ली–टोकियो विमानप्रवास: आठ महिन्यांत सहा फेऱ्यांनंतर

कामानिमित्त गेल्या ऑक्टोबरपासून पुणे–टोकियो ये-जा सुरू आहे, दर वेळी दिल्लीमार्गे. पहिलं तिकीट काढताना मी फक्त अंतर पाहिलं होतं. दिल्ली ते टोकियो सरळ रेषेत साधारण ५,८६० किमी. जायला जेवढा वेळ, तेवढाच यायला, असं धरून चालले होते. ते साफ चुकलं.

जानेवारीत जाताना विमान सातेक तासांत टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरलं. त्याच महिन्यात परत येताना पावणेदहा तास लागले! समोरच्या पडद्यावर जमिनीच्या हिशेबाने वेग दिसतो. जाताना तो ताशी १,०९० किमीपर्यंत गेला होता, येताना ६९०च्या आसपास रेंगाळत होता. कारण वारा. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून थेट जपानवर पश्चिमेचा जोरदार झोत वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. जूनमध्ये हाच झोत तिबेटच्या उत्तरेला सरकतो, आणि आपल्याकडे मान्सून आत येण्याशी त्याचा संबंध आहे. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. आपण कोकणात ज्या पावसाची वाट बघतो, त्याची चाहूल तिकिटावरच्या वेळेतही असते. जूनच्या फेरीत जाण्या-येण्यातला फरक दीड तासाच्या आत आला होता.

परतीचा प्रवास लांबतो, पण तोच मला जास्त आवडतो. टोकियोहून दुपारच्या आत निघणारं विमान घ्या आणि उजवीकडची खिडकी मागून घ्या. शेवटच्या दोन तासांत, बिहारवरून जाताना, ढगांच्या वर हिमालयाची रांग उभी राहते. जानेवारीत मावळतीचं ऊन बर्फावर पडून शिखरं आधी पिवळी, मग गुलाबी झाली. शेजारच्या आजी हात जोडून बसल्या होत्या. त्यांना खिडकी दिली.

आता त्रासाचं. पुणे–दिल्ली दोन तासांचं, पण या विमानाला उशीर झाला की पुढचं चुकतं. डिसेंबरात धुक्यामुळे माझं चुकलं, आणि विमान कंपनीच्या काउंटरवर चार तास कोणी नीट सांगेना. दिल्लीत किमान पाच तास हातात ठेवा, हिवाळ्यात तर आदल्या दिवशीच पोहोचा.

उतरायला हानेदाच निवडा. नारिता हा टोकियोचा दुसरा विमानतळ शहरापासून साठेक किमी लांब आहे. हानेदाहून टोकियोतल्या निशी-कासाई भागात, जिथे आपली बरीच मंडळी राहतात, तासाभरात पोहोचते.

घड्याळ साडेतीन तास पुढे जातं. रात्रीच्या विमानात जेमतेम चार तास झोप मिळते, म्हणून पहिल्या सकाळी मी बैठक ठेवतच नाही. वडिलांना मार्चमध्ये सोबत नेलं तेव्हा परतीत त्यांचे पाय सुजले. तेव्हापासून वाटेलगतची जागा घेते त्यांच्यासाठी, आणि दर तासाला मधल्या वाटेत दोन फेऱ्या मारायला लावते.