स्कायरिम आणि मॉड ऑर्गनायझर २ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी स्कायरिम स्पेशल एडिशन हा संगणकावरचा गेम मॉड ऑर्गनायझर २ मधूनच चालवते आहे. मॉड म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेली भर किंवा बदल, आणि मॉड ऑर्गनायझर हे ते सांभाळणारं साधन. सुरुवात २६ मॉडपासून झाली. आज डाव्या यादीत ३४० च्या आसपास मॉड आहेत आणि उजवीकडे १८० प्लगिन (गेममधली माहिती बदलणाऱ्या मॉडच्या फाइली) चालू आहेत. गेमची आवृत्ती १.६.११७०, एसकेएसई (गेमच्या स्क्रिप्टची क्षमता वाढवणारं साधन) २.२.६. या काळात एक पात्र चाळिसाव्या लेव्हलपर्यंत नेलं, दोन सेव्ह कायमचे गेले आणि एकदा सगळं पुसून पहिल्यापासून बसवावं लागलं.

त्याआधी मी मॉड उघडून थेट गेमच्या डेटा फोल्डरमध्ये टाकत असे. तसं आता कुणालाही करू देणार नाही. दोन मॉडनी एकाच नावाची फाइल आणली की नंतरची फाइल आधीच्या फाइलवर बसते, आधीची गेली ती गेली, आणि ती गेल्याचं कुठेच कळत नाही. तीन आठवड्यांनी एखादं घर विचित्र दिसायला लागतं तेव्हा कशामुळे हे शोधायला हातात काहीच नसतं. मॉड ऑर्गनायझर प्रत्येक मॉड त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि गेम सुरू करताना त्या सगळ्यांचा मिळून एकच डेटा फोल्डर असल्याचं गेमला भासवतं. मूळ फोल्डरला हात लागत नाही. मॉडवरची खूण काढली की तो नाहीसा, परत केली की हजर. एवढ्यासाठीसुद्धा मी ते वापरलं असतं.

पण माझ्या दृष्टीने त्याचं खरं मोल वेगळं आहे. आपण सरसकट ‘लोड ऑर्डर’ म्हणतो, पण स्कायरिममध्ये क्रम दोन असतात. एक फाइलींचा: टेक्स्चर (वस्तूवरचं चित्र), मेश (वस्तूचा आकार), स्क्रिप्ट, आवाज. दुसरा प्लगिनचा, ज्यांचे प्रकार तीन: ईएसएम, ईएसपी आणि ईएसएल, म्हणजे हलकी प्लगिन. मॉड ऑर्गनायझरमध्ये पहिला डावीकडे आणि दुसरा उजवीकडे, अगदी समोरासमोर दिसतो. दोन्हीकडे खाली असलेला जिंकतो, पण एकीकडे जिंकलेला मॉड दुसरीकडे हरलेला असू शकतो. मला हे समजायला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने मी उजवीकडच्या दुखण्यावर डावीकडे औषध लावत होते.

लिडियाचं उदाहरण सांगते, कारण त्यातच सगळं आलं. व्हाइटरनच्या यार्लने सोबत दिलेली लिडिया एके दिवशी काळपट राखाडी चेहऱ्याने समोर उभी राहिली. मान आणि हात नेहमीच्या रंगाचे, चेहरा मात्र धुरकटलेला. मला वाटलं त्वचेचं टेक्स्चर बिघडलं. तीन वेगवेगळे त्वचेचे मॉड बदलून पाहिले, काही फरक पडला नाही. मग कळलं की स्कायरिममध्ये पात्राचा चेहरा दोन ठिकाणी राहतो. नाक, केस, डोळे कोणते वापरायचे, त्वचेची छटा कोणती, हे प्लगिनमधल्या त्या पात्राच्या रेकॉर्डमध्ये, म्हणजे नोंदीत, असतं. आणि त्यावरून आधीच घडवून ठेवलेला चेहरा फेसजेनच्या मेश व टेक्स्चर फाइलींमध्ये असतो. रेकॉर्ड एका मॉडचं आणि फाइल दुसऱ्याची अशी जोडी जमली की दोन्ही जुळत नाहीत आणि चेहरा काळवंडतो.

माझ्याकडे नेमकं तेच झालं होतं. डावीकडे चेहरे सुंदर करणारा मॉड जिंकत होता. उजवीकडे मात्र सोबत्यांचं लढणं सुधारणारं प्लगिन शेवटी होतं, आणि त्याने लिडियाच्या रेकॉर्डमध्ये लढाईबरोबर मूळ गेममधला जुना चेहराही आणला होता. शोधण्याची पद्धत अशी: कन्सोल (गेममधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून पात्रावर क्लिक करायचं, मिळालेला क्रमांक एसएसईएडिट या प्लगिन उघडून पाहण्याच्या साधनात शोधायचा. तिथे आधी जगात उभ्या असलेल्या त्या व्यक्तीचा संदर्भ मिळतो, आणि त्यावरून पात्राच्या मूळ रेकॉर्डवर जाता येतं. हे दोन क्रमांक वेगळे असतात आणि फेसजेनच्या फाइलीला मूळ रेकॉर्डचा क्रमांकच नाव म्हणून असतो. लिडियाची फाइल ०००ए२सी८ई.निफ. मग मॉड ऑर्गनायझरच्या डेटा टॅबमध्ये ती फाइल शोधायची. कुठली फाइल कोणत्या मॉडमधून आली हे तिथे शेजारीच लिहिलेलं असतं. ज्या मॉडची फाइल, त्याच मॉडचा चेहरा जिंकणाऱ्या रेकॉर्डमध्येही असला पाहिजे. मला लढणंही हवं होतं, म्हणून एसएसईएडिटमध्ये एक छोटं पॅच प्लगिन केलं, चेहऱ्याच्या मॉडचं रेकॉर्ड त्यात उतरवलं, लढाईचे आकडे दुसऱ्याकडून ओढून आणले आणि ते प्लगिन सगळ्यात शेवटी ठेवलं. वीस मिनिटांचं काम होतं. त्याआधीचे पाच दिवस मी त्वचेच्या टेक्स्चरमागे घालवले होते.

याच धर्तीचा दुसरा अनुभव एका खानावळीचा. प्रकाशयोजनेचा मॉड लावल्यावर आत शेकोटीचा उबदार उजेड आणि कोपऱ्यात अंधार हवा होता, पण सगळीकडे मूळ गेमसारखा सपाट उजेड. दुसऱ्या एका मॉडने त्याच खानावळीत बाकं आणि पिंपं ठेवली होती. ती दिसत होती, मग उजेडच कुठे गेला? एसएसईएडिटमध्ये दोघांच्या कॉलम शेजारीशेजारी उघडल्या आणि उलगडा झाला. बाकं, पिंपं ही प्रत्येकी स्वतंत्र रेकॉर्ड आहेत. खोलीचा उजेड मात्र खोलीच्याच रेकॉर्डमध्ये लिहिलेला असतो. सामानाच्या मॉडने खोलीचं रेकॉर्ड सोबत आणलं होतं, आणि त्यात उजेडाचे जुने आकडे तसेच होते. स्कायरिम दोन रेकॉर्डमधली एकेक ओळ निवडून मिसळत नाही, शेवटच्या प्लगिनचं रेकॉर्ड अख्खंच्या अख्खं घेतं. त्यामुळे ‘माझे दोन मॉड वेगवेगळ्या गोष्टी करतात, मग भांडतील कसे’ हा विचार चुकीचा ठरतो. इथे उपाय सोपा होता. प्रकाशाचं प्लगिन सामानाच्या खाली ओढलं. उजेड आला आणि बाकंही जागेवर राहिली.

एसएसईएडिट पहिल्यांदा उघडलं की रंगांची गर्दी पाहून बंद करावंसं वाटतं. मलाही वाटलं. पण सुरुवातीला एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरतं: सगळ्यात उजवीकडचा कॉलम गेममध्ये दिसणार. बाकी हळूहळू येतं.

लूटबद्दल. प्लगिनचा क्रम आपोआप लावून देणारं हे साधन चांगलं आहे, आणि नवीन माणसाने त्यानेच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. कोणतं प्लगिन कोणावर अवलंबून आहे, कशाच्या आधी काय यावं, याची सांभाळलेली यादी त्यामागे आहे. पण लूट फक्त उजवी बाजू पाहतं, आणि रेकॉर्डच्या भांडणात तुम्हाला काय आवडेल हे त्याला ठरवता येणार नाही. मी सुरुवातीला दर नव्या मॉडनंतर ते चालवत असे आणि हाताने लावलेला क्रम दर वेळी विस्कटत असे. आता पूर्ण यादी नव्याने मांडतानाच चालवते, एरवी नवं प्लगिन हाताने जागेवर बसवते, आणि ज्या जोड्यांबद्दल खात्री आहे त्यांचे नियम लूटमध्येच लिहून ठेवले आहेत.

मेनू यायच्या आधीच गेम बंद पडला तर मी आधी मास्टर पाहते. एखादं प्लगिन ज्या दुसऱ्या प्लगिनवर उभं आहे तेच नसेल तर गेम तिथेच कोसळतो. मॉड ऑर्गनायझर अशा प्लगिनशेजारी इशाऱ्याचं चिन्ह दाखवतं, त्यावर माऊस नेला की काय कमी आहे ते वाचता येतं. त्यानंतर एसकेएसई. ते गेमच्या नेमक्या आवृत्तीशी जुळावंच लागतं, जवळपासचं चालत नाही. त्यावर चालणाऱ्या डीएलएल (प्रोग्रामच्या कोडची फाइल) मॉडनाही हेच लागू. मी एकदा १.५.९७ साठी असलेला डीएलएल मॉड उतरवला आणि संध्याकाळभर इतरच मॉड बंद करत बसले. असे अनेक मॉड ज्यावर अवलंबून असतात त्या अॅड्रेस लायब्ररीच्याही दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत, एक १.५ च्या आणि एक १.६ च्या गेमसाठी. नाव एकच असल्याने तिथे हमखास गल्लत होते. स्टीमवर खेळत असाल तर गेम आपोआप अपडेट होणार नाही, फक्त सुरू करतानाच होईल, अशी सेटिंग करा आणि गेम नेहमी मॉड ऑर्गनायझरमधून एसकेएसईनेच सुरू करा.

मॉड बसवतानाचा एक घोळ सुरुवातीला वारंवार होतो. झिप फाइलीत फोल्डरच्या आत फोल्डर असतो आणि मॉड ऑर्गनायझर म्हणतं, आतली रचना बरोबर दिसत नाही. घाबरायचं कारण नाही. ज्या फोल्डरमध्ये मेश, टेक्स्चर किंवा प्लगिन दिसतंय त्यावर उजवं क्लिक करून तो डेटा फोल्डर म्हणून ठरवायचा. मी एकदा तो इशारा दुर्लक्षून तसंच बसवलं, आणि ‘मॉड चालतच नाही’ म्हणून दोन दिवस हैराण होते.

काही लक्षणं नजरेनेच ओळखू येतात. जांभळा रंग म्हणजे टेक्स्चर सापडत नाही. लाल उद्गारचिन्ह म्हणजे मेश सापडत नाही. माणसं हात पसरून पुतळ्यासारखी सरकायला लागली तर अॅनिमेशनची बिहेवियर फाइल पुन्हा तयार करायची राहिली आहे. पहिली दोन बहुतेक वेळा डावीकडची दुखणी.

खेळताना मध्येच होणारे क्रॅश मात्र चिवट. त्यासाठी क्रॅश लॉगर बसवाच. डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात, एसकेएसईच्या खाली, तो प्रत्येक क्रॅशचा मजकूर ठेवतो. पहिल्या ओळीवरून निष्कर्ष काढू नका. दोन-तीन लॉग समोर ठेवून तीच मेश किंवा तेच प्लगिन पुन्हा येतंय का ते पाहा. माझ्याकडे एका पुलापाशी गेम चार वेळा पडला आणि चारही लॉगमध्ये एकाच झाडाची निफ फाइल होती. तो मॉड काढला नाही, डेटा टॅबमधून तेवढी एक फाइल लपवली. तिच्या जागी दुसऱ्या मॉडची फाइल वर आली आणि पूल पार झाला.

लॉगमधून काहीच कळलं नाही तर निम्मे-निम्मे करणं हाच मार्ग. अर्धी प्लगिन बंद, तपासा, मग उरलेल्यातली अर्धी. १८० प्लगिनसुद्धा आठ फेऱ्यांत एकावर येतात. हे नेहमी वेगळ्या प्रोफाइलवर (मॉडच्या वेगळ्या मांडणीवर) आणि नव्या सेव्हवर करावं. मी ते चालू सेव्हवर केलं, मध्येच खेळून सेव्हही केलं, आणि असाच पहिला सेव्ह गमावला. स्क्रिप्ट असलेला मॉड बंद केला तरी त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहतात. टेक्स्चरचा मॉड कधीही काढा, हा नाही.

दुसरा सेव्ह ईएसएलच्या नादात गेला. पूर्ण प्लगिनसाठी २५४ जागा असतात, त्यात मूळ गेमच्या पाच मास्टरही येतात. हलक्या प्लगिनसाठी वेगळ्या ४०९६. मर्यादेच्या जवळही नसताना मी जागा वाचवायला चालू खेळात काही ईएसपींना हलकं केलं. त्यामुळे त्यांच्या वस्तूंचे क्रमांक बदलले, आणि त्या मॉडमधलं घर, पेटी आणि पेटीतलं सगळं सेव्हला ओळखेनासं झालं. हलकं करायचंच तर नवं पात्र सुरू करण्याआधी. आणि ज्याच्यावर दुसरी प्लगिन उभी आहेत त्याचे क्रमांक हलकं करण्यासाठी कधीच बदलू नका.

आता मॉड ऑर्गनायझरमधलं जे खटकतं ते. ओव्हरराइट फोल्डर हा पहिला त्रास. साधनांनी तयार केलेल्या फाइली तिथे साचतात, सगळ्यांवर मात करतात, आणि विसरल्या की महिन्याने छळतात. मी प्रत्येक साधनाचं उत्पादन स्वतंत्र मॉडमध्ये जाईल असं त्याच्या सेटिंगमध्येच लावलं, तेव्हा सुटका झाली. दुसरं, एसएसईएडिट, लूट, डिनडॉलॉड (दूरचे देखावे तयार करणारं साधन), सगळं त्याच्या आतूनच सुरू करावं लागतं. बाहेरून उघडलं तर मॉड दिसतच नाहीत, आणि हे नवख्याला कोणी सांगितलं नाही तर कळणं अवघड. तिसरं, ईएनबीची (गेमचं चित्र सुधारणाऱ्या साधनाची) डीएलएल गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये लागते, ती हाताने टाकावी लागते किंवा त्यासाठी वेगळं प्लगिन बसवावं लागतं. आणि बसवताना ते प्रोग्राम फाइल्समध्ये किंवा गेमच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. ही सूचना पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत असायला हवी होती.

व्होर्टेक्स हे मॉड सांभाळणारं दुसरं साधनही मी महिनाभर वापरून पाहिलं. ‘हा मॉड त्याच्यानंतर’ अशा नियमांवर ते चालतं आणि वीस-तीस मॉडसाठी बरंच सुटसुटीत आहे. मला मात्र संपूर्ण क्रम डोळ्यांसमोर हवा असतो, कोण कोणावर बसलंय हे विजेच्या चिन्हाशेजारच्या अधिक-उण्यावरून दिसायला हवं असतं, म्हणून परत आले.

सध्या नव्या पात्रासाठी दुसरी प्रोफाइल मांडते आहे. तिचे सेव्ह वेगळे ठेवलेत, दोन्ही याद्यांची प्रत काढून ठेवली आहे, आणि पॅच प्लगिनला तारखेसह नाव दिलंय. काल पहिल्यांदा सुरू केली तेव्हा लिडियाचा चेहरा ठीक होता. खानावळीतला उजेड अजून तपासायचा आहे.