‘युद्धातली’ पितळी टोकनं : बाराच्या बारा बाद

जुन्या बाजारात बारा पितळी टोकनांचा लॉट ३,६०० रुपयांना गेला. विकणाऱ्याचं सांगणं असं, की १९४३ साली चिल्लर मिळेना म्हणून पेठेतला एक हॉटेलवाला सुट्ट्यांऐवजी हीच हातावर ठेवायचा. पाया खरा आहे, म्हणून तर गोष्ट खपते. सुट्ट्यांची तेव्हा खरोखरच ओढाताण होती, आणि भोकाचा पैसा त्याच साली आला.

पण बारांतल्या पाचांवर ‘२५ पैसे’ लिहिलेलं! तेव्हा रुपयाचे पैसे ६४. म्हणजे पंचवीस पैसे झाले सव्वासहा आणे. असला दर कोण ठोकून घेईल? दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासूनची. ही पाच नंतरच्या कुठल्यातरी कॅन्टीनची. खरी, पण युद्धाशी संबंध शून्य.

उरलेली सात ‘एक आणा’वाली. ती जास्त वाईट. दहापट भिंगाखाली सातही टोकनांवर ‘णा’च्या डावीकडे एकच तिरका ओरखडा, त्याच जागी, तेवढाच लांब. टोकन ज्या ठशाने ठोकतात त्यालाच तडा गेला तर टोकनावर उठावदार रेघ येते, आणि ती सगळ्यांवर सारखी असू शकते. खोल ओरखडा मात्र खिशात, गल्ल्यात पडतो, ज्याचा त्याला. तो सातांवर सारखा दिसला, की एका टोकनावरून साचा काढून सात ओतली असं समजायचं. कडेवर साच्याचा सांधा घासल्याच्या कानशीच्या रेघा होत्या, सपाट भागावर ओतकामात पडतात तसे सुईच्या टोकाएवढे खड्डे.

पाण्यात वजन करून घनता काढण्यात वेळ घालवू नका. कालचं पितळही पितळच. लोहचुंबकानेही फक्त मुलामा दिलेलं लोखंड सापडेल. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) मात्र जवळ ठेवा: पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, त्यामुळे २५ मिमीच्या अस्सल टोकनाची ओतीव नक्कल ०.३-०.४ मिमी लहान भरते. अर्थात ताडून बघायला अस्सल हाताशी हवं.

अक्षरांच्या खाचांतला काळसर-हिरवा थर ॲसिटोनच्या बोळ्याने निघून आला. तो रंग होता. चिंच किंवा पितांबरी कधीच लावू नका, टोकन खरं असलं तर किंमतही धुऊन जाईल.

आणि हो, प्रत्येक टोकन वेगळ्या, स्टेपल मारलेल्या होल्डरमध्ये होतं. दोन शेजारी शेजारी धरून बघायला मागितली की विक्रेता म्हणे, “उघडलं तर घ्यावं लागेल.”