नाताळचा घरगुती फराळ, निर्मळ (नालासोपारा वेस्ट): माझा अनुभव

आधीच सांगते, हे दुकान नाहीये, बोर्ड नाही, मॅपवर शोधू नका. निर्मळवरून नंदाखालकडे जाताना वाडीत एक जुनं कौलारू घर आहे, तिथे ओटीवर टेबल टाकून मावशी, त्यांची सून आणि शेजारच्या दोघीतिघी नाताळचा फराळ करून विकतात. आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीचे आधीचे चार रविवार) पहिल्या रविवारपासून, म्हणजे यंदा 30 नोव्हेंबरपासून ऑर्डर घेत होत्या. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळेला फोन उचलत नाहीत, कितीही वेळा लावा.

बॉक्समध्ये नेवऱ्या (आपल्या करंज्या), कलकल, गुलाबाच्या आकाराच्या रोज कुकीज, खजुराचे रोल, केक, आणि केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी. सुकेळी म्हणजे आपली वसईची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मऊ, चिकट, गोड म्हणजे अशी गोड की वरून साखरेची गरजच नाही, एकटी सुकेळी घ्यायला गेलात तरी फेरी वसूल. कलकल एकदम खुसखुशीत, नारळाच्या दुधात मळलेलं पीठ, छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळवायची की त्यावर रेघा उमटतात, मग तळून साखरेच्या पाकात घोळवायची. मी गेले तेव्हा सून तेच करत होती आणि हात न थांबवता माझ्याशी गप्पा मारत होती, मी एक वळून बघितली तर ती उलगडलीच.

केक मात्र ठीकठाक. लवंग जास्त झालीय आणि कडेने थोडा सुका. फळं रममध्ये भिजवलेली हवीत की संत्र्याच्या रसात ते ऑर्डर घेतानाच विचारतात हे चांगलंय. एगलेस केक नाही, मावशी तोंडावर सांगतात, उगाच करून देते वगैरे नाही. पण सासूबाई अंडं खात नाहीत म्हटल्यावर त्यांच्यासाठी नेवऱ्या आणि सुकेळीचं वेगळं पाकीट आलं, नेवऱ्या वेगळ्या तेलात तळलेल्या, वर पेनाने 'आजींसाठी' लिहिलेलं, आणि पैसे विचारले तर म्हणाल्या ते आमच्याकडून. सासूबाईंनी दोन दिवसांत संपवल्या, आम्हाला एकही नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. ऑर्डर घेताना मावशी विचारतात, एक जास्तीचा लिहू का? नाही म्हणालात तर पुढचं वाक्य थेट 'किती वाजता येणार'. हो म्हणालात तर त्या बॉक्सचे फक्त सामानाचे पैसे घेतात, मजुरी त्यांची. हे जास्तीचे बॉक्स वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बायकांना, बिल्डिंगांच्या वॉचमनना, आणि ज्यांच्या घरी त्या वर्षी कुणी गेलंय त्यांना जातात. आपल्याकडे दुखवट्याच्या घरी दिवाळीचा फराळ करत नाहीत, शेजारचे नेऊन देतात, तसंच. त्यात धर्म बघत नाहीत, यंदा एक बॉक्स गल्लीतल्या मुस्लिम टेलरकाकांच्या घरी गेला, काकी सप्टेंबरमध्ये गेल्या म्हणून.

मी 23 तारखेला संध्याकाळी घ्यायला गेले, ही गर्दी. वाडीत कामाला येणाऱ्या पाच-सहा बायका बाजूला उभ्या होत्या, दिवसभर भाजी काढून आलेल्या, पायाला माती तशीच. मावशींनी आमची रांग थांबवून आधी त्यांना दिलं. तोच बॉक्स, तीच लाल रिबीन, कुठे स्टिकर नाही की फुकट आहे म्हणून. एकीचं मूल रडत होतं त्याला वर एक कुकी. माझ्या पुढचे गृहस्थ करवादले, आम्ही पैसे भरलेत, आम्ही कधीचे उभे आहोत. मावशी अजिबात चिडल्या नाहीत, म्हणाल्या, "दादा, तुमची गाडी दारात आहे, त्यांची बस सुटेल." आणि त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं. ते गप्प. खरं सांगू, सरबत त्यांना मिळालं आणि मला नाही याचं मला जरा वाईटच वाटलं.

सुनेला म्हटलं, एवढं करता तर फोटो टाका की, ऑर्डरी वाढतील. ती हसली. म्हणाली, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात 14 व्या अध्यायात येशू सांगतो की जेवण घालशील तेव्हा मित्रांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते तुला उलटं बोलावतील आणि फिटंफाट होईल, ज्यांना परत करता येत नाही त्यांना बोलाव. मग फोटो टाकून लाइक घेतले तर तीपण फिटंफाटच ना? मला आमचं कॉम्प्लेक्स आठवलं, तिथे दरवर्षी वॉचमनच्या पोरांना सांताची टोपी घालून रांगेत उभं करतात, एकेक चॉकलेट देतात आणि बॅनरसकट फोटो काढतात, पोरं बिचारी कॅमेऱ्याकडे बघायचं की चॉकलेटकडे या गोंधळात.

जाताजाता गावात फिरा. दारोदारी गव्हाणी (येशूजन्माचे देखावे), चांदण्या, गव्हाणीत भाताची कोवळी रोपं उगवून शेत केलेलं. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण ही गावं आपला ख्रिस्ती धर्म आणि आपली मराठी धरून इथेच राहिली, त्यामुळे नाताळचं गाणंसुद्धा इथे मराठीत ऐकायला मिळतं.

बॉक्स साडेचारशेचा, रोख न्या, यूपीआय सुनेच्या फोनवर आहे आणि तो चार्जिंगला असतो. डिलिव्हरी नाही. पार्किंग तर विसराच, स्टेशनवरून बस किंवा रिक्षा करा. पुठ्ठ्याचा बॉक्स तकलादू आहे, माझा पाक गळून पिशवीला लागला, घरून स्टीलचा डबा नेलात तर मावशी खूश होऊन दोन नेवऱ्या जास्त घालतात. केकमुळे एक स्टार कमी केलाय, तो मी मावशींना तोंडावर सांगितलाय, त्या म्हणाल्या लवंग जावेने टाकली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच फोन करा, 15 डिसेंबरनंतर त्या सरळ नाही म्हणतात.